मानी शेळी माणसाळविणे

मराठी भाषेने शेळीवर मोठाच अन्याय केलेला आहे. भित्र्या मनुष्यास आपण शेळपट म्हणतो. जी वस्तू धड कोणत्याच उपयोगी पडत नाही, तिला शेळीच्या शेपटाची उपमा देतो. या शब्दांचे मूळ जनक कोण होते हे कोणास ठाऊक. परंतु त्यांनी शेळ्यांचा कळप माळावर दुरून पाहिला असावा, एकटी शेळी दाव्यास बांधून तिची धार काढण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा, असा आमचा तर्क आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याची म्हण मात्र खचित अनुभवी माणसाची. ज्यास शेळीशी वागावयाचे आहे त्यास उंटावरून खाली उतरावेच लागते. आणि आम्ही तर म्हणू की, कित्येकदा जमिनीवर मांडी घालून बसावे लागते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या दारी बैलजोडी, गाय अथवा म्हैस असते, आणि त्यांच्या हिशेबी शेळी ही परसातील किरकोळ बाब असते. तथापि २०१९ सालच्या पशुगणनेत भारतात १४ कोटी ८८ लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या, व त्यांपैकी सुमारे १ कोटी ६ लक्ष महाराष्ट्रात होत्या, हे पाहता ही बाब किरकोळ म्हणवत नाही. यांपैकी पुष्कळ शेळ्या मोठ्या कळपांत नसून एक, दोन, चार अशा घरोघर बांधलेल्या असतात. अडीअडचणीस विकता येणारी, घरातील स्त्रीच्या हातात राहणारी अशी ती पुंजी असते, आणि गाय आटली म्हणजे चहापुरते आणि पोराबाळांपुरते दूध तीच देते. १९१९ साली आजारातून उठलेल्या महात्मा गांधींना दूध न घेण्याचे व्रत मोडावयाचे नव्हते, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचविली, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. ज्या घरांना व्रत नाही, पण म्हैसही परवडत नाही, त्यांची वाट तीच आहे.

शेळीपालनावर पुस्तके आणि पत्रके आता पुष्कळ निघतात. जातिवंत शेळी कशी निवडावी, तिला हिरवा व वाळलेला चारा किती द्यावा, आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी कशी टोचून घ्यावी, जमाखर्च कसा ठेवावा, हे सर्व त्यांत असते, आणि ते योग्यच आहे. परंतु विकत आणलेली शेळी जवळच येऊ देत नाही, धारेच्या वेळी लाथ मारून भांडे उलथते, परक्यावर शिंगे रोखते, दावे तोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरते. अशा शेळीचे काय करावे, याविषयी त्यांत क्वचितच एखादे वाक्य सापडते. व्यवहारात मात्र याचे उत्तर ठरलेले आहे. अशी शेळी महिन्या दोन महिन्यांत बाजार पाहते, आणि बाजारात चढेल म्हणून नाव निघालेल्या शेळीला दुधासाठी गिऱ्हाईक मिळत नसल्याने ती सरळ कसायाकडे जाते. शेळी जाते जिवानिशी. आणि विकणाऱ्याच्या पदरी घाट्याचा सौदा पडतो, कारण अशा शेळ्यांपैकी कित्येक चांगल्या दुधाच्या व जुळी देणाऱ्या असतात. सबब शेळीचा स्वभाव हा विषय हौसेचा नसून हिशेबाचा आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, गाय व शेळी यांचे मूळ एक नव्हे. शेळीचे पूर्वज इराणच्या झाग्रोस पर्वतासारख्या कड्याकपारींत राहणारे रानबकरे होत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्या भागातील मनुष्याने त्यांस पाळीव केले, असे तेथील उत्खननांत सापडलेल्या हाडांवरून ठरते. डोंगरावरच्या या प्राण्याचे पोट गवताच्या सपाट कुरणावर भरत नसे. या झुडपाचा शेंडा, त्या वेलीचे पान, असे वेचून खावे लागे. म्हणून शेळीचे ओठ बोटांसारखे हलतात, आणि प्रत्येक नवी वस्तू ती तोंडात धरून पाहते. जिला आपण खोडकर म्हणतो ती वस्तुतः चौकस असते. शिवाय तिच्या डोळ्यांची बाहुली आडवी असते, त्यामुळे तिला मान न वळविता आपल्या अंगाभोवतीचा बहुतेक प्रदेश दिसतो. ठीक पाठीमागचा तेवढा पट्टा दिसत नाही. मागून गुपचूप येणारी वस्तू म्हणजे लांडगा, ही समजूत तिच्या रक्तातच आहे. नवा मालक बहुधा मागूनच जातो, कारण त्याला दावे धरावयाचे असते, आणि पहिल्याच दिवशी लांडग्याच्या जागी बसतो.

दुसरी गोष्ट मानाची. शेळ्यांच्या कळपात पहिली, दुसरी, तिसरी अशी पायरी ठरलेली असते. पाण्यावर कोणी आधी जावे, सावलीची जागा कोणी घ्यावी, हे टकरींनी एकदा ठरते व मग बहुतेक नजरेनेच चालते. वयाने, अंगाने व शिंगांनी जी मोठी ती पुढे. अशी पुढारीण शेळी कळपातून काढून एकटी आपल्या गोठ्यात आणून बांधली म्हणजे तिचे काय होत असेल याचा विचार करावा. तिचा मान गेला, सोबत गेली, ओळखीचा वास गेला. ती ओरडते, चारा टाकते, आणि जो जवळ येईल त्याच्याशी पायरी ठरवू पाहते. या टकरीस आपण दुष्टपणा म्हणतो. आमच्या मते हा दुष्टपणा नव्हे. उलट जी शेळी नव्या घरी पहिल्या दिवसापासून मान खाली घालून गप्प उभी राहते, तिच्या डोळ्यांची आतली पापणी उघडून पाहावी. ती पांढुरकी दिसली तर शेळी गरीब नसून जंतांनी पोखरलेली असण्याचा संभव अधिक.

येथे आमच्या घरच्या एका शेळीची हकिकत सांगतो. ही शेळी उस्मानाबादी, काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके असलेली. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे जुने नाव मात्र बाजारात चालू आहे.) ही जात काटक, जिराईत मुलखातील टंचाईतही तग धरणारी व जुळ्यांसाठी प्रसिद्ध, दूध दिवसास अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत, आणि तेही सुमारे चार महिने. आमची गाय त्या वेळी आटली होती, घरात तीन वर्षांची नात होती, आणि विकतचे दूध तालुक्याहून मोटारीने येई तोवर पुष्कळदा नासलेले असे. म्हणून आठवड्याच्या बाजारातून महिनाभरापूर्वी व्यालेली ही शेळी तिच्या एका करडासह घेतली. दुसरे करडू विकणाऱ्याने आधीच वेगळे विकले होते. मुलांनी तिचे नाव बिजली ठेवले, आणि तिने ते चार दिवसांत खरे केले.

सूनबाई धारेस बसल्या की शेळी आधी अंग चोरी, मग मागचा पाय झाडी, आणि तिसऱ्या वेळी भांड्यातच पाय घाली. मुलगा तिची मान धरून उभा राहिला तर ती जमिनीवर बसून घेई. ज्यांनी बसलेल्या शेळीस उठविण्याचा यत्न केला आहे त्यांस हे संकट समजेल. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून हा खेळ पाहत. ते म्हणाले, “अहो, ही दुभती नव्हे, ही झुंजीची आहे. सणाच्या आत बाजार दाखवा, निदान घातलेले पैसे तरी निघतील.” त्याच आठवड्यात एक दलालही दारी येऊन शेळीच्या पाठीवर हात फिरवून गेला. अर्थात हात फिरविण्यापूर्वी त्याला दोन जणांकडून ती धरवून घ्यावी लागली.

या वेळी आमच्या मातोश्रींनी निकाल दिला. त्या म्हणाल्या, “अरे, तिला आपली ओळख तरी होऊ द्या. पाव्हणी आली म्हणजे आल्या दिवशी तिच्या हातात जातं देता का?” त्यांनी धार बंद करविली. करडू पीत असल्याने कास तटण्याचे भय नव्हते. तरी दोन्ही सड रिकामे होतात की नाही हे पाहण्यास सूनबाईंना सांगितले, कारण एकटे करडू पुष्कळदा एकाच सडास पिते व दुसऱ्या बाजूस दगडी होते. मग मातोश्रींनी सूप घेतले, त्यात निवडावयाची डाळ घेतली, आणि शेळीच्या दाव्याच्या टप्प्याबाहेर, तिच्याकडे पाठ करून, त्या गोठ्यात बसू लागल्या. सकाळी एक तास, तिसऱ्या प्रहरी एक तास. शेळीकडे पाहावयाचे नाही, तिला हात लावावयाचा नाही, बोलावयाचे ते करडाशी.

पहिल्या दिवशी शेळी भिंतीस चिकटून उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने रवंथ केला. आणि आमच्या मते हीच पहिली शुभ खूण होय, कारण भ्यालेले जनावर रवंथ करीत नाही. तिसऱ्या दिवशी सूप दाव्याच्या टप्प्यात सरकविले होते, त्याचा तिने वास घेतला आणि मूठभर डाळ फस्त केली. मातोश्रींनी मागे वळून पाहिले नाही. पाचव्या दिवशी तिने त्यांच्या पदराचे टोक चघळले, आणि सहाव्या दिवशी त्यांनी प्रथम हात लावला. तोही डोक्यास नव्हे, तर खांद्यास व मानेखाली, जेथे शेळीला स्वतःस खाजविता येत नाही तेथे. हा भेद लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. कपाळावर हात ठेवणे हे शेळीच्या भाषेत टकरीचे आव्हान होय. लहान मुले करडाच्या कपाळास तळहात लावून ढकलाढकलीचा खेळ खेळतात, व घरचे लोक कौतुकाने पाहतात. तेच करडू बोकड होऊन अंगाने भरले म्हणजे तोच खेळ म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याशी खेळते, आणि मग बोकड माजला अशी तक्रार होते. बोकडाने शिकविलेलेच केलेले असते.

दरम्यान पुढचा बाजार आला, आणि विकणाऱ्याची आम्ही मुद्दाम गाठ घेतली. त्याच्याकडून दोन गोष्टी समजल्या. एक ही की, ही शेळी त्याच्या घरी त्याच्या आईनेच लहानाची मोठी केलेली होती व पुरुषमाणसाचा हात तिला फक्त लस टोचण्यापुरता ठाऊक होता. दुसरी ही की, त्यांच्या घरी शेळीची धार मागून काढण्याची चाल होती, तर आमच्या सूनबाई गाईच्या सवयीने बाजूस बसत. पोटाखालून येणारा हात तिला परका होता, आणि परक्या हाताला ती लाथेने उत्तर देत होती. म्हणजे जिला आपण तिरसट ठरविले ती शेळी आपल्या समजुतीप्रमाणे अगदी रीतीने वागत होती!

सातव्या दिवशी धार पुन्हा सुरू झाली. गोठ्याच्या कोपऱ्यात दगड रचून वर फळी टाकून दीड फूट उंचीचा ओटा केला. शेळीला उंचावर चढणे उपजतच आवडते. ओट्यावर मक्याचा भरडा व थोडी शेंगदाण्याची पेंड ठेवली की ती आपण होऊन चढते, आणि धार काढणाऱ्याचीही कंबर वाचते. आरंभी मातोश्री समोर बसत व सूनबाई मागून धार काढीत. रोज थोडे थोडे सरकत सूनबाई तीन आठवड्यांत बाजूस आल्या. शेळीने पाय झाडला तर हात काढून घ्यावयाचा नाही आणि मारावयाचेही नाही. हात कासेवर तसाच हलका ठेवून थांबावयाचे, व ती स्थिर झाली की मग हात काढावयाचा. या क्रमात सारे मर्म आहे. लाथेबरोबर हात निघाला तर लाथ हा हात घालविण्याचा उपाय आहे असे ती शिकते. स्थिर राहिल्यावर निघाला तर स्थिर राहणे हाच उपाय ठरतो. मारल्याने मात्र काहीच साधत नाही. भ्यालेल्या जनावराच्या रक्तात जो द्रव उसळतो तो पान्हा अडवितो, हे गाईम्हशींप्रमाणे शेळीलाही लागू आहे. शेळीच्या बाबतीत एक सोय अशी की, तिच्या दुधाचा मोठा भाग, सुमारे तीन चतुर्थांश, धारेपूर्वीच कासेच्या खालच्या पोकळीत उतरलेला असतो; म्हणून थोडी बिथरलेली शेळीही काही दूध देते. परंतु शेवटचे सायीचे दूध पान्ह्याबरोबरच येते, आणि ते रागावलेल्या शेळीकडून मिळत नाही.

महिनाअखेर बिजली सकाळी पाऊण लिटर व संध्याकाळी अर्धा लिटर देऊ लागली, करडाचे पोट भरून. नातीस दूध मिळाले. (दूध उकळूनच द्यावे; शेळीचे कच्चे दूध पौष्टिक म्हणून पाजण्याचा जो प्रघात काही ठिकाणी आहे तो सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूंमुळे माणसासही तापाचे दुखणे देतो. आणि वर्षाच्या आतील मुलास ते आईच्या दुधाऐवजी देऊच नये.) दलाल पुन्हा आला, तेव्हा मातोश्री ओट्यापाशीच होत्या. त्याने भाव थोडा वाढवून सांगितला. त्यांनी त्याला चहा दिला, शेळीच्या दुधाचा.

कोणी म्हणेल की, हे सारे म्हाताऱ्या माणसाला रिकामा वेळ होता म्हणून झाले. वेळेची गोष्ट खरी आहे. दिवसास दोन तास, तेही सहा दिवस, एवढा तो वेळ होता, आणि त्यात घरची डाळ निवडून झाली. परंतु या रीतीस आधार केवळ घरगुती अनुभवाचा आहे असे नव्हे. शेळीच्या बुद्धीची परीक्षा घेणारे प्रयोग अलीकडे इंग्लंडात झाले आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेळ्यांस एका पेटीतून खाऊ काढण्यासाठी आधी दोरी ओढणे व मग दांडी उचलणे, अशी दुहेरी युक्ती शिकविली. त्यांपैकी बहुतेक शिकल्या, आणि दहा महिन्यांनी ती पेटी पुन्हा समोर ठेवली तेव्हा त्यांस ती युक्ती आठवत होती. २०१६ साली असे दिसले की, झाकण उघडता येईनासे झाले म्हणजे शेळी जवळ उभ्या असलेल्या मनुष्याच्या तोंडाकडे पाहते, आणि तो मनुष्य पाठमोरा असेल तर कमी पाहते. २०१८ सालच्या प्रयोगात एकाच मनुष्याची हसऱ्या व रागीट चेहऱ्याची चित्रे लावली असता शेळ्या हसऱ्या चित्राकडे अधिक वळल्या. तात्पर्य, शेळी आपला चेहरा वाचते, आणि जे शिकते ते विसरत नाही. मग शिकविलेले चांगले असो वा वाईट. एकदा दिलेला मार ती पुढच्या सुगीपर्यंत लक्षात ठेवील, हे धरूनच चालावे.

म्हणूनच आम्ही आमच्या घरी एक नियम केला आहे. जो धार काढतो त्याने दुखविण्याच्या कामास शेळीला धरावयाचे नाही. लस टोचणे, खूर छाटणे, कानात बिल्ला मारणे, जंताचे औषध पाजणे, ही कामे होतात तेव्हा सूनबाई व मातोश्री गोठ्यातून बाहेर जातात; धरतो मुलगा. पशुवैद्य येऊन गेल्यावर दोन दिवस बिजली मुलाकडे पाठ फिरविते, आणि पिशवी घेतलेल्या कोणाही पाहुण्यास पाहून भिंतीकडे सरते. पण धारेत एक वाटीही फरक पडत नाही.

सवयीने शांत असलेली शेळी एकाएकी बिघडली, तर स्वभावास दोष देण्यापूर्वी तिचे अंग पाहावे. धारेच्या वेळी नव्यानेच लाथ मारू लागली तर सड चिरलेले आहेत काय, कास एका बाजूस गरम व टणक लागते काय, पहिल्या धारेत गुठळी येते काय, हे तपासावे. चालताना चिडते तर खूर पाहावे. मऊ जमिनीवर बांधलेल्या शेळीचे खूर झिजत नाहीत, ते वाढून आत वळतात. सारखी ओरडते, शेपूट हलविते, चारा टाकते व दूध कमी करते, आणि दीड दिवसात आपोआप शांत होते, तर ती माजावर येऊन गेली. तारीख लिहून ठेवावी, सुमारे एकवीस दिवसांनी तेच पुन्हा होईल. आमच्या ऐकण्यात अशी एक शेळी आहे की जी दर तीन आठवड्यांनी वेड लागल्यासारखी करते म्हणून तिच्यावरून अंगारा उतरविला जात असे. तिला बोकड दाखविला, आणि पाच महिन्यांनी दोन करडे झाली.

एकटेपणाचे दुखणे मात्र कोणत्याही औषधाने जात नाही. ज्यास एकच शेळी परवडते त्याने ती गाईच्या शेजारी, नजरेच्या टप्प्यात बांधावी. माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बांधावी. घरामागे अंधाऱ्या कोपऱ्यात बांधू नये. दुसरी शेळी घेता आली तर उत्तम. पहिले दोन दिवस टकरी होतील, त्यांत पडू नये. मात्र दोघींपुढे चारा दोन ठिकाणी टाकावा, म्हणजे पायरीने खाली असलेली उपाशी राहणार नाही. आणि गोठ्यात जन्मलेले पाटीचे करडू हाताळावयाचे ते पहिल्या आठवड्यांत. जन्मल्याबरोबर नव्हे, तो वेळ आईचा. १९६४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून असे दिसले की, करडू जन्मताच अवघी पाच मिनिटे आईपाशी राहिले तरी पुढे काही वेळाने परत आणल्यावर ती त्यास घेते, आणि तेवढाही सहवास न होता उचलून नेले तर बहुतेक माद्या ते नाकारतात. तेव्हा आईस ते चाटू द्यावे, चीक पिऊ द्यावा, मग दुसऱ्या दिवसापासून रोज थोडा वेळ मांडीवर घ्यावे, खुरांना व कासेच्या जागी हात लावून ठेवावा. अशी पाट पहिल्या विताला धारेस उभी राहते ती जणू दुसऱ्या विताची.

लळा लावण्याचा अतिरेक होऊ नये, हेही सांगितले पाहिजे. खिशातून खाऊ देण्याची सवय लावली की शेळी माणसाकडे न पाहता खिशाकडे पाहू लागते व सदरे फाडते. खाऊ नेहमी भांड्यात द्यावा, आणि हाक मारून द्यावा. आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात भरडा घालून तो खुळखुळवतात व जिभेने टाळूवर आवाज काढतात. तो आवाज झाला की बिजली असेल तेथून येते. या एका सवयीचे मोल आम्हांस गेल्या खरिपाअखेर कळले. पावसाने ताण दिला होता आणि कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून कोवळे फुटवे आले होते. अशा ताणातल्या कोवळ्या फुटव्यांत विष असते व ते जनावरास घटकाभरात मारू शकते, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच आठवड्यात गावातील एक वासरू त्यानेच दगावले होते. संध्याकाळी बिजली दावे सोडवून त्या शेतात शिरलेली सूनबाईंना बांधावरून दिसली. दोन शेतांचे अंतर. धावून गेले असते तर शेळी आणखी आत पळाली असती. त्यांनी जागेवरूनच डबा वाजविला. शेळीने मान वर केली, तोंडातला फुटवा तसाच लोंबत होता, क्षणभर विचार केला, आणि उड्या मारीत आली. त्या रात्री आम्ही तासातासाने तिचा श्वास व हिरड्यांचा रंग पाहत जागलो. काही झाले नाही. दोन घास गेले असतील, दहा गेले नाहीत.

बिजली आजही गरीब झालेली नाही. परका माणूस गोठ्यात आला तर मान खाली करून शिंगे दाखविते, आणि शेजारच्या गृहस्थांवर तिचा विशेष राग आहे. आमच्या मातोश्रींस आता जमिनीवर बसवत नाही. त्या बाजेवर बसून डाळ निवडतात, व शेळी बाजेच्या काठावर पुढचे पाय ठेवून सुपाकडे पाहत असते. मागील वितास तिला दोन पाटी झाल्या, त्यांपैकी एक आम्ही ठेवली आहे.

आता नवी शेळी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. बाजारात दात, कास व वय पाहून झाले म्हणजे विकणाऱ्यास आणखी चार प्रश्न विचारावे. धार कोण काढी, पुरुष की बाई? कोणत्या बाजूस बसून? कोणत्या हाकेने बोलावीत? कळपात ती पुढे चाले की मागे? जो शेळी खरोखर पाळीत होता त्यास ही उत्तरे चटकन देता येतात. जो देऊ शकत नाही तो बहुधा व्यापारी असतो, आणि शेळी कोणाच्या घरची हे त्यासही ठाऊक नसते. शक्य तर तिच्या जुन्या गोठ्यातला मूठभर पाला व तिचे जुने दावे मागून घ्यावे; आठवडाभर तेच गळ्यात राहू द्यावे, नव्या घरात तेवढाच एक वास तिच्या ओळखीचा असतो. आमच्याकडे विकणारा दावे सोडून परत घेतो अशी चाल आहे, आणि ते ठेवावयाचे झाल्यास वेगळे पैसे मागतो. ते द्यावे.